उद्या गेट उघडणार काय?

यंदाच्या अंकाचा विषय संपादकांनी ठरवला ‘मोठं पाणी’. फोनवर त्यांनी एक पुस्तीही जोडली. अमेरिकेतले लोक मोठ्या तळ्यांवर सॅमन धरायला जातात, त्याचा बेत हिवाळ्यापासून शिजतो म्हणे. आपल्याकडे मोठ्या पाण्यावर मासोळी धरायला निघणारा माणूस काय काय ठरवतो, ते एकदा जाऊन बघा.

सॅमन आपल्याकडे नाही. तो थंड पाण्याचा मासा, आणि मे महिन्यात नागपूरचा पारा पंचेचाळिशीला टेकतो. पण मोठं पाणी आहे, रात्रभर त्यावर राबणारी माणसं आहेत आणि त्यांचे बेतही आहेत. म्हणून मी मौद्याची वाट धरली.

चिमण्यांच्या सावलीत

नागपूरहून भंडाऱ्याकडे निघालं की तासाभरात मौदा येतं. महामार्गाच्या पुलाखालून कन्हान वाहते. उन्हाळ्यात तिच्यात पाण्यापेक्षा वाळू जास्त दिसते, आणि त्या वाळूवर ट्रॅक्टरांच्या चाकोऱ्या. दूर क्षितिजावर एनटीपीसीच्या वीजकेंद्राच्या चिमण्या. चार संच, क्षमता २,३२० मेगावॉट. या केंद्राची तहान भागते ती गोसीखुर्दच्या जलाशयातून. धरण आहे थेट भंडारा जिल्ह्यात पवनीजवळ, पण त्याचं पाणी नळातून मौद्यात येऊन कोळशाच्या भट्ट्यांवर वाफ होतं.

मोठ्या पाण्याचा पहिला धडा मला इथेच मिळाला. मासे धरणारे ढिवर सोडून आणखी कितीतरी जण या पाण्यावर हिशेब मांडून बसलेले असतात, आणि त्यांचे हिशेब ढिवराला कुणी सांगत नाही.

मौद्याहून कन्हान आग्नेयेला वळते आणि कुही तालुक्यात आंभोऱ्याला वैनगंगेला मिळते. तिथे पाच नद्यांचा संगम मानतात. काठावर चैतन्येश्वराचं देऊळ आहे. मुकुंदराजांनी ‘विवेकसिंधू’ इथेच रचला असं या भागात सांगतात. अंबाजोगाईकरांना ते मान्य नाही, आणि त्या वादात पडायला मी काही निघालो नव्हतो. अलीकडे इथे तारांवर तोललेला देखणा पूल झाला आहे. वर चढून पाणी पाहायची सोय आहे, त्यामुळे रविवारी नागपूरच्या गाड्यांची रांग लागते. वरून पाहिलं की नदी कुठे संपली आणि धरणाचा फुगवटा कुठे सुरू झाला ते कळत नाही. सरकारने इथे जलपर्यटनाची योजनाही आखली आहे. पुलावरच्या गर्दीला खालचे दोन-चार डोंगे म्हणजे फोटोतली शोभा वाटते. त्या डोंग्यांतल्या माणसांची ती कामाची वेळ असते.

बोटांनी मोजलेलं जाळं

आंभोऱ्याच्या खाली एका काठावर दुपार कलली की तयारी सुरू होते. जाळी उन्हात पसरलेली असतात. एकजण जाळ्याची फाटलेली कानं, म्हणजे भोकं, शिवतो, दुसरा डोंग्यातलं पाणी उपसतो. ज्याच्याकडे डोंगा नाही तो थर्माकोलच्या तराफ्यावर किंवा ट्रकच्या ट्यूबवर बसून निघतो. हे पाहताना छातीत धस्स होतं, पण ट्यूबवरची माणसं निवांत तंबाखू मळत असतात.

एका वयस्क काकाजींजवळ मी बसलो. जाळं कसं निवडता, असं विचारल्यावर त्यांनी हाताची बोटं जुळवून जाळ्याच्या कानात घातली. तीन बोटांचं जाळं, चार बोटांचं जाळं, पंजाचं जाळं. कानं जेवढं मोठं तेवढा मासा मोठा, आणि तेवढी रिकाम्या हाताने परतायची शक्यताही मोठी. चार बोटांचं टाकायचं म्हणजे आज मोठ्या कटल्यावर डाव लावायचा. तीन बोटांचं म्हणजे घरखर्च भागवायचा. कोणत्या रात्री कोणता डाव खेळायचा, हे घरात किराणा किती उरला आहे त्यावरही ठरतं. बायकोने दुपारीच सांगितलेलं असतं.

मग चंद्र. चांदण्या रात्री जाळं माशाला दिसतं, म्हणून पौर्णिमेच्या आगेमागे मोठी जाळी घरीच राहतात. अंधाऱ्या पंधरवड्यात काम जोरात. मग वारा. जलाशय रुंद आहे, वारा सुटला की नदीला कधी येत नव्हत्या अशा लाटा येतात. नदीवर वाढलेल्या म्हाताऱ्यांना हे पाणी अजून परकं वाटतं. नदी वाहते, तिचा कल कळतो. हे पाणी नुसतं बसून असतं आणि एखाद्या रात्री उठून अंगावर येतं.

मला सगळ्यात गुंतवून ठेवलं ते पाण्याखालच्या नकाशाने. गोसीखुर्दचं भूमिपूजन राजीव गांधींच्या हस्ते २२ एप्रिल १९८८ ला झालं. तेव्हाचा अंदाज होता ३७२ कोटींचा. पुढे तो कितीतरी पटींनी वाढला आणि प्रकल्प राष्ट्रीय म्हणून जाहीर झाला. पाणी टप्प्याटप्प्याने चढवत नेलं. भंडारा आणि नागपूर जिल्ह्यांतली गावं, शेतं, विहिरी, आमराया खाली गेल्या. आज त्या आमरायांच्या बुंध्यांना जाळी अडकतात. एक जाळं फाटलं की आठवड्याची कमाई गेली. म्हणून जाळं कुठे सोडायचं हे ठरवताना काकाजी पाण्याकडे पाहत नाहीत, आठवतात. इथे अमक्याची विहीर होती, तिथे गावचा पांदणरस्ता, त्या पलीकडे धानाच्या बांध्या. बांध्या म्हणजे साफ जागा, तिथे जाळं बेलाशक सोडा. पडक्या भिंतींजवळ मात्र मोठे मासे दबा धरून असतात. तिथे गळ टाकायचा, जाळं नाही.

नव्या पोरांना ही गावं पाहायलाच मिळाली नाहीत. ते म्हाताऱ्यांना डोंग्यात बसवून नेतात, आणि तंबाखूच्या पुडीच्या मोबदल्यात एक बुडालेलं गाव समजून घेतात.

मिशिगनकडचा बेत

आता जरा लांब जाऊन येऊ. विदर्भातून जाऊन अमेरिकेत मिशिगन सरोवराकाठी स्थायिक झालेल्या एका मराठी गृहस्थांशी माझं बोलणं झालं. ते दरवर्षी मित्रांबरोबर सॅमनच्या मोहिमेवर जातात. त्यांचा बेत असा असतो: परवाना काढायचा, त्यावर सॅमन-ट्राउटसाठीचा वेगळा शिक्का घ्यायचा, बोट आणि तिचा तांडेल महिनोन्‌महिने आधी ठरवायचा. माणशी दिवसाला पाचच मासे, त्याहून जास्त नाही. सॅमनला बारा अंशांच्या आसपासचं पाणी आवडतं. उन्हाळ्यात वरचं पाणी तापतं आणि ती गार पट्टी खोल उतरते. म्हणून वजनदार गोळ्याला दोर अडकवून आमिष नेमकं त्या खोलीवर नेतात आणि बोट हळूहळू चालवत ठेवतात. बोटीवरच्या पडद्यावर तळाचा उंचसखलपणा, पाण्याचं तापमान, माशांचे थवे, सगळं दिसतं. ऑगस्ट-सप्टेंबरात सॅमन नद्यांच्या मुखाशी जमतात. वर चढतात, अंडी घालतात आणि मरतात.

या मोहिमांच्या माहितीपत्रकांत सहसा एक गोष्ट ठळकपणे छापत नाहीत. तिथला पॅसिफिक सॅमन मुळात त्या सरोवराचा नाहीच. तो माणसाने आणून सोडलेला आहे. समुद्रातून कालव्यांच्या वाटेने शिरलेल्या रक्तपिप्या लॅम्प्रेने आणि बेसुमार मासेमारीने तिथल्या मूळच्या मोठ्या माशांचा फडशा पाडला. खाणारा कुणी उरला नाही, म्हणून आलवाइफ नावाची चिमुकली मासळी बेफाम वाढली. १९६७ च्या उन्हाळ्यात तिचे मेलेले ढीग काठाकाठाने सडले. किनारे साफ करायला यंत्रं आणावी लागली. मिशिगन राज्याच्या मत्स्यविभागाचे प्रमुख हॉवर्ड टॅनर यांनी त्याच्या आदल्या वर्षीच, १९६६ मध्ये, ओरेगॉनहून अंडी मागवून वाढवलेले कोहो सॅमन नद्यांत सोडले होते. पुढच्या वर्षी चिनूक सोडले. आलवाइफ खाऊन ते फुगले आणि काठावरच्या गावांत मासेमारीच्या पर्यटनाचा धंदा उभा राहिला. शेजारच्या ह्युरॉन सरोवरात २००३-०४ च्या सुमारास आलवाइफच संपली. तिच्यामागे सॅमन गेले आणि सॅमनमागे बोटवालेही.

म्हणजे तिथेही मोठं पाणी आपसूक मासे देत नाही. कुणीतरी ते पेरलेले असतात. फरक आहे तो पेरणाऱ्यात आणि कापणाऱ्यात.

पेरलं कोणी, कापलं कोणी

आपल्याकडचे रोहू, कटला आणि मृगळ साचलेल्या पाण्यात वाढतात, पण वीण घालत नाहीत. त्यांना पावसाळ्यातलं वाहतं, गढूळ, चढतं पाणी लागतं. म्हणून तलावात दरवर्षी बीज सोडावं लागतं. पूर्वी हे बीज पुराच्या वेळी नद्यांतून गोळा करत. त्यात काय काय येईल याचा नेम नसे. रोहूबरोबर त्याला खाणारेही येत. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातल्या अंगुलला हिरालाल चौधुरी आणि के. एच. अलीकुन्ही यांनी माशाच्या मेंदूखालच्या पियुषिका ग्रंथीचा अर्क टोचून कार्प माशांची वीण घडवून आणली आणि चित्र पालटलं. तो दिवस आज राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात. आता बीजकेंद्रात मत्स्यजिरे तयार होतात, त्यांचं बीज होतं, मग बोटाएवढी बोटुकली. ती ऑक्सिजन भरलेल्या प्लास्टिकच्या पिशव्यांतून जीपने काठावर येतात.

ढिवरांच्या सहकारी संस्थेच्या सभासदांचं खरं नियोजन इथे सुरू होतं. कटला वरचं खातो, रोहू मधलं, मृगळ तळाचं. तेव्हा तिघांचं प्रमाण कसं ठेवायचं? जिरे स्वस्त पडतात पण टिकत नाहीत, बोटुकली महाग पण जगते. आणि मोठ्या जलाशयात सोडलेली बोटुकली गेली कुठे, हे कोण पाहणार? गावतळ्यात सोडलेला मासा तळ्यातच राहतो. इथे गेटं उघडली की पाण्याबरोबर तोही खाली जातो. पेरणी या काठाने करायची, कापणी गडचिरोलीकडच्या काठाने व्हायची, असंही होतं.

गावतळ्यांचा विषय निघालाच आहे तर थोडं थांबतो. भंडारा-गोंदियातली मालगुजारी तळी कोहळी समाजाने बांधली. नवेगाव बांधचं तळं तर कोलू पाटील कोहळींच्या नावाने ओळखलं जातं. मालगुजारी १९५० च्या कायद्याने गेली आणि तळी सरकारकडे आली. सिंचनाचं खातं वेगळं, मासोळीचा ठेका वेगळा, आणि तळ्याचा मालक असा कुणीच नाही, असं होऊन बसलं. काठ बेशरमीच्या झुडपांनी भरले. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाचे मनीष राजनकर यांनी ढिवरांना सोबत घेऊन अशी तळी पुन्हा जिवंत करायचं काम केलं आहे. बेशरम उपटायची, तळाशी देशी पाणवनस्पती लावायच्या, म्हणजे देशी माशांना घर मिळतं. मरळ आणि तिच्यासारखे देशी मासे तळ्यातच वीण घालतात, त्यांना पिशवीतलं बीज लागत नाही. मला हा मार्ग मोठ्या जलाशयाच्या मार्गापेक्षा शहाणपणाचा वाटतो. पण गोसीखुर्दच्या काठावरच्या ढिवराला निवड करायची मुभा नाही. त्याचं तळं, त्याची नदी, दोन्ही या पाण्याखाली आहेत.

आणि हक्क? त्याचा किस्सा उत्तरेला पेंचवर घडलेला आहे. तोतलाडोहचं धरण झालं, जंगलातली गावं उठली आणि उठलेले लोक त्याच पाण्यावर मासे धरू लागले. पण पाणी तोवर राष्ट्रीय उद्यानात मोजलं जात होतं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. १९९७ मध्ये न्यायालयाने मध्य प्रदेश सरकारने दिलेले ३०५ परवाने अटींवर चालू ठेवले. प्रत्येकाकडे फोटो असलेलं ओळखपत्र, ठरलेल्याच वाटेने ये-जा, काठावर चूल पेटवायची नाही, रोज किती मासे धरले त्याची नोंद. डोंग्यातून उतरून चहा करायचा नाही, हे त्या बेताचं एक कलम होतं. मिशिगनच्या बोटीवर सहल म्हणून शेगडी नेतात.

चढण

मृग लागला की काठावरचा माणूस बदलतो. पहिल्या जोरदार पावसात ओढे, नाले जलाशयाला मिळतात आणि मासे उलटे वर चढतात. चढणीच्या माशांसाठी अख्खं गाव टोपल्या, फेकजाळी, जुन्या साड्या घेऊन नाल्यावर उतरतं. पोट्ट्यांची शाळा बुडते, मास्तरही काही म्हणत नाहीत. काही मास्तर नाल्यावरच भेटतात. सॅमन चढतो तो मरायला. आपला रोहू अंडी टाकून परत फिरतो, पुढच्या वर्षी पुन्हा चढतो. मधे टोपली आडवी आली तर मात्र गोष्ट वेगळी. अंडी भरलेली मादी धरू नये हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि पहिल्या पावसाला कुणाच्याच लक्षात राहत नाही.

पुढे पाऊस वाढला की बेताची सूत्रं ढिवराच्या हातून पूर्ण सुटतात. गोसीखुर्दला ३३ दारं आहेत. पूर्ण भरल्यावर पाण्याची पातळी २४५.५० मीटरला नेतात. वर वैनगंगेवर संजय सरोवर, पेंचवर चौराई आणि तोतलाडोह. प्रत्येक धरणाचा आपापला हिशेब. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वरच्या धरणांतून एकदम पाणी सुटलं तेव्हा कन्हान आणि वैनगंगेने मौदा, कुही, भंडारा या पट्ट्यात हाहाकार केला. घरांत पाणी, धानावर पाणी, जाळी कुठल्या कुठे.

तेव्हापासून काठावर मोबाइलचं महत्त्व वाढलं आहे. दारं उघडायची सूचना येते, गावोगावी दवंडी होते, व्हॉट्सअॅपवर फिरते. पण त्यात किती दारं आणि किती क्युमेक पाणी ते असतं. जाळं काढायला वेळ मिळेल का, हे नसतं. एका तरुणाने मला सरळ सांगितलं, ‘‘मासोळी कुठं हाये ते आमाले समजते जी. गेट कदी उघडते ते समजत नाही.’’ उन्हाळ्यात उलटा प्रकार. कालव्याला पाणी सोडलं, वीजकेंद्राने घेतलं, की काठ मागे सरकतो. काल जिथे डोंगा बांधला तिथे सकाळी चिखल असतो. पुढेमागे वैनगंगा-नळगंगा नदीजोड झाला तर हेच पाणी पश्चिम विदर्भाकडेही वळेल. त्याच्या चर्चा होतात त्या सभागृहांत मासोळीचा शब्द मी तरी ऐकलेला नाही.

नागपूरचं देणं

एक गोष्ट लिहिताना नागपूरकर म्हणून मान खाली जाते. नाग आणि पिवळी या नद्या शहराचं सांडपाणी घेऊन पूर्वेला वाहतात. आंभोऱ्याच्या अलीकडे ते पाणी कन्हानेत, तिथून वैनगंगेत आणि मग धरणात. धरण नसतं तर पुराने वाहून गेलं असतं. आता ते येऊन थांबतं. सांडपाण्यातलं खत खाऊन जलपर्णी माजते. इथे तिला सगळे इकॉर्नियाच म्हणतात, काठावरची निरक्षर बाईसुद्धा. वारा फिरला की हिरवा गालिचाच्या गालिचा सरकत येतो आणि रात्री लावलेलं जाळं त्याच्याखाली जातं. ते काढायला अर्धा दिवस. खाली प्राणवायू घटतो, मासे तडफडत वर येतात. चिलापीसारख्या चिवट माशांचं मात्र फावतं. नाग नदी स्वच्छ करायची कोट्यवधींची योजना मंजूर आहे. काकाजींच्या बेतात ती अजून आलेली नाही. त्यांच्या बेतात जलपर्णी तोडायला कोयता आहे.

रात्री जाळं लावून झाल्यावर दोघे डोंग्यात झोपतात किंवा काठावर. चार वाजता उचल सुरू. एकजण वल्हं धरतो, दुसरा जाळं ओढत मासे सोडवतो. त्या सकाळी निघाले ते मुख्यतः चिलापी, काही रोहू आणि एक भरगच्च कटला. कटला डोंग्यात पडला तेव्हा काकाजींनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. आधी जाळं किती फाटलं ते पाहिलं.

भाव

उजाडायच्या आत व्यापाऱ्याची गाडी काठावर येते. गाडीत बर्फ, वजनकाटा आणि नागपूरचा आजचा भाव. हा भाव ठरतो भोईपुऱ्याच्या बाजारात, आणि तिथे तो ठरवतात आंध्रातून बर्फात आलेले रोहू-कटला. तिकडे शेकडो एकरांच्या तळ्यांत, खाद्य घालून वाढवलेला मासा ट्रकने रातोरात नागपुरात उतरतो. एकसारख्या आकाराचा, पाहिजे तेवढा, रोज. वैनगंगेचा मासा चवीला सरस, हे नागपूरचा खवय्या शपथेवर सांगेल. भाव मात्र तो आंध्राच्या माशाचाच देतो, वर दोन-पाच रुपये मिळाले तर नशीब. ताजा मासा संध्याकाळपर्यंत ठेवायला काठावर बर्फाचा कारखाना नाही, त्यामुळे भाव न पटणं ही चैन परवडत नाही. मोठा कटला तेवढा वेगळा निघतो. त्याला मौद्याच्या महामार्गावरच्या एखाद्या ढाब्याचं गिऱ्हाईक आधीच ठरलेलं असतं.

मिशिगनवाल्यांनी मला विचारलं होतं, डिसेंबरात येतोय, एक रात्र या लोकांबरोबर पाण्यावर काढता येईल का? मी काकाजींना विचारलं. ते म्हणाले, येऊ द्या, पण अमावस्येच्या आसपास. स्वेटर आणा, ट्यूबवर बसायची तयारी ठेवा. पाचच मासे धरायची अट तुमच्याकडे असेल. इथे पाच मिळाले तरी त्यातले तीन माझे. आणि आदल्या संध्याकाळी फोन करा, गेटाचं विचारून सांगतो.